घराच्या विम्यात घरातला धंदा येत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत तळमजल्यावर राहते, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवणं, फॉल-पिको ही कामं करते, बारा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री गटाराचं पाणी उलटं घरात आलं, उठून बघते तर ओव्हरलॉक मशिनची (कापडाच्या कडा शिवायच्या) मोटर पाण्यात आणि खाली ठेवलेल्या पिशव्यांत गिऱ्हाइकांच्या साड्या. प्रत्येक पिशवीला मी मापाची चिठ्ठी टाचते, त्यावरची शाई पसरून नावं पण वाचता येईनात. एका लग्नघरच्या पैठणीचा हिरवा काठ पदरावर उतरला होता, ती धुवायची की तशीच वाळवायची हेच सुचेना.

घराचा विमा होता म्हणून धीर होता. पण कंपनीतर्फे नुकसान बघायला आलेला सर्व्हेअर म्हणाला, कपाट-फ्रिजचं मिळेल, मशिनी आणि साड्या घरसामानात धरता येत नाहीत, तो तुमचा व्यवसाय आहे. कागदाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं, राग मला एजंटचा आला, कारण पॉलिसी देताना तो त्याच खोलीत मशिनीशेजारी बसून चहा प्यायला आणि घरात काही काम करता का एवढं सुद्धा विचारलं नाही. पैठणीचे पैसे मी खिशातून भरले.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते, आग, पूर, वादळ, भूकंप हे सगळं त्यात येतं. पण गिऱ्हाइकाचा माल आपल्या ताब्यात असतो तो वेगळा सांगून पॉलिसीत लिहून घ्यावा लागतो, माझ्यासारख्या शिवणकामवाल्यांनी हे आधी बघा. चोरीचं पण तसंच, आग किंवा पुरानंतर 7 दिवसांत झालेली चोरीच त्यात धरतात, एरवीच्या घरफोडीसाठी बर्गलरी कव्हर वेगळं. आणि हप्ता वाचवायला किंमत कमी लिहू नका, 4 लाखांचा माल 2 लाखांचा दाखवलात तर 1 लाखाच्या नुकसानीला निम्मेच हातात येतात, किंमत 15 टक्क्यांपर्यंत कमी लिहिली गेली असेल तर तेवढं सोडून देतात, पैसे कापत नाहीत. डबे, केक करणाऱ्यांनी कुणाला खाण्यातून बाधा झाली तर काय, हे पण विचारावं, ते या पॉलिसीत नसतं, त्याला लायबिलिटी कव्हर, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या त्रासाची भरपाई देणारा विमा लागतो.

सोसायटीचा विमा आहे ना, असं बऱ्याच जणी म्हणतात, पण तो इमारतीचा, आपल्या खोलीतल्या सामानाचा नाही.

ठाण्यात घरोघरी अशी कामं चालतात, बचत गटाच्या बायका आहेत, क्लासवाले आहेत. विमा कंपन्यांनी घराच्या अर्जावर मराठीत एक ओळ छापावी, 'घरात व्यवसाय करता का?', आणि एजंटने ती विचारून मगच सही घ्यावी. आपल्या पेपरातून ही मागणी लावून धरावी ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)