पेन्सिलीबद्दल आभार

काळजी समन्वयक यांस,
स. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितो आहोत, कारण ज्यांनी ते वाचायला हवं ते तुमच्या पत्त्यावर राहत नाहीत.

विषय एवढासाच आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाला कोणती मदत, कधी आणि कुणाकडून मिळावी, हे आपण बैठकीत बसून ठरवतो. त्या काळजी योजनेचा पहिला मसुदा तुम्ही पेन्सिलीने लिहिता. पान भरलं की रबराची बाजू पुढे करून पेन्सिल मुलाकडे सरकवता, "चुकलंय ते खोड" म्हणता आणि गप्प बसता. ती शांतता आमच्यापैकी कुणाला सोसत नाही. कुणीतरी घसा खाकरतो, कुणी घड्याळ बघतो. तुम्ही नुसते बसून राहता.

मूल आधी काहीतरी किरकोळ खोडतं. नावातला ऱ्हस्वदीर्घ, इयत्ता. खरंच चालतंय का, याचा अंदाज घेतं. मग हात 'आक्रमक' या शब्दाकडे जातो आणि त्यानंतर 'वडिलांशी संबंध चांगले' या ओळीकडे. ही ओळ कधीकाळी कुणीतरी घाईत लिहिलेली असते. तिथून ती शाळेच्या अहवालात आणि अहवालातून सुनावणीच्या कागदांत उतरत आलेली असते. ज्याच्याबद्दल ती आहे त्याला मात्र ती कुणी कधी वाचून दाखवलेली नसते. ती खोडली गेली की सुट्टीच्या दिवशी मुलाला वडिलांकडे ठेवायची आमची आखणी कोसळते. कोसळायलाच हवी.

पेन्सिल येण्याआधी मुलाच्या वाट्याला मदत कमी नसते, हे आधी कबूल करायला हवं. उलट फार असते. मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे आठवड्यातून २ वेळा हजेरी, एकदा समुपदेशन, व्यसनाच्या तपासणीचं बोलावणं केव्हाही, शनिवारी समाजसेवेचे तास, शिवाय बुडालेल्या विषयांचे जादा तास. एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येक अट सुटी पाहिली तर वाजवी वाटते, पण सगळ्या मिळून मोठ्या माणसालाही पाळता येणार नाहीत. समुपदेशनाची वेळ शाळेच्या वेळेत, म्हणून शाळा बुडते. शाळा बुडणं हा अटीचा भंग, म्हणून हजेरी वाढते. ती चुकली की मूल पुन्हा आत, नवा गुन्हा एकही नसताना. आणि फाइलीत शेरा पडतो, 'कुटुंब सहकार्य करत नाही'. हा शेरा लिहिणाऱ्यांनी घरच्यांना कोणती वेळ जमेल, एवढंही विचारलेलं नसतं. अशा शेऱ्यांखाली आमच्याही सह्या आहेत.

तुम्ही या सगळ्या वेळा एका कागदावर मांडता. दोन भेटी एका दिवशी आणता, एखादी घरीच घ्यायला लावता आणि एखादी चक्क काढून टाकायला सांगता. काढून टाकणं ऐकलं की आम्ही बिचकतो. पण ज्याच्याकडून फारसा धोका नाही अशा मुलावर कार्यक्रमांचा मारा केला की ते बिघडतं, सुधारत नाही. शाळा, खेळ, बरे मित्र यांतून ते उठतं आणि गटाच्या सत्रांत त्याच्यापेक्षा चार पावलं पुढे गेलेल्यांच्या शेजारी जाऊन बसतं. तिथे जे शिकायला मिळतं ते योजनेत लिहिलेलं नसतं.

'समुपदेशनाची गरज आहे' हे वाक्यही तुम्ही चालू देत नाही. समुपदेशन ही सेवा झाली, गरज कुठली, असं विचारता. मग गरज अशी लिहिली जाते: डोकं तापलं की वर्गाबाहेर जाता यावं आणि गेलो म्हणून शिक्षा होऊ नये. गरज अशी लिहिली की एक शिक्षक, एक ठरलेली जागा आणि १० मिनिटं, एवढ्यात भागतं. नाहीतर सत्रं पूर्ण होतात, रकान्यात खूण पडते आणि मारामारी त्याच बाकावर पुन्हा होते.

संकटाच्या पानाबद्दलही लिहायला हवं. आधी दिसणारी लक्षणं (झोप उडते, जेवण टळतं, फोन बंद राहतो), पहिला फोन कुणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कुणाला, आणि काय करू नये: दार अडवून उभं राहायचं नाही, जुने विषय काढायचे नाहीत. एक प्रत घरी, एक शाळेत. रात्री २ वाजता आईच्या हाताशी हे पान नसेल, तर तिला पोलिसांचाच नंबर आठवतो.

सुटकेच्या दिवसाचं थोडक्यात सांगतो. गोळ्या थोड्याच दिवसांच्या मिळतात आणि डॉक्टरांची वेळ मिळते पुढच्या महिन्यातली. या मधल्या दिवसांत बरंच काही बिघडतं. तुम्ही ती वेळ सुटकेच्या आधीच घेऊन ठेवता. शाळेच्या दाखल्यांचंही तसंच.

हे सगळं एका माणसाच्या हातून होतं, कारण तुमच्याकडची कुटुंबं मोजकी आहेत. घरी जाऊन केल्या जाणाऱ्या मल्टिसिस्टेमिक थेरपीत (मुलासोबत घर, शाळा, मित्र यांकडेही बघणारा उपचार) एका उपचारकाकडे ४ ते ६ कुटुंबं असतात, काम ३ ते ५ महिने चालतं आणि मदत २४ तास मिळू शकते. अमेरिकेत मिलवॉकीला १९९० च्या दशकात निवासी संस्थांमधल्या २५ मुलांपासून तुमच्यासारखंच समन्वयाचं काम सुरू झालं. तिथे वेगवेगळ्या खात्यांचा पैसा एका थैलीत आणला गेला, त्यामुळे 'हे आमच्या खात्यात बसत नाही' म्हणायला फारशी जागा उरली नाही. जिथे समन्वयकाच्या टेबलावर ४० फायली ठेवतात, तिथे त्याचा नुसता टपालवाला होतो आणि दोष मात्र पद्धतीला दिला जातो. बालहक्कांच्या १९८९ च्या करारातलं ३७ वं कलम सांगतं की मुलाला कोंडून ठेवणं हा शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी काळासाठी. हा शेवटचा उपाय पहिल्याच आठवड्यात वापरून मोकळे होणारे लोक आम्हाला माहीत आहेत. ते बैठकीला येत नाहीत.

पेन्सिलीचा आणखी एक उपयोग आमच्या उशिरा लक्षात आला. ओळ शाईत उतरवण्याआधी तुम्ही मुलाला विचारता, हे शाळेला कळलेलं चालेल का? सुनावणीपुढे जाणार असेल तर तसं सांगता. जे तुम्हालाही थांबवता येणार नाही, ते मूल बोलायला लागायच्या आधी सांगता, नंतर नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट महिन्याभराने भर सुनावणीत ऐकलेलं मूल पुढे कुणालाच काही सांगत नाही. त्याला मग 'प्रतिसाद देत नाही' असा शेरा मिळतो. साधी सभ्यता आहे ही, पण कुठल्याच नेमणूकपत्रात ती कर्तव्य म्हणून लिहिलेली नसते. त्यामुळे ती दिसली की लोक समन्वयकाला फार मवाळ म्हणतात. म्हणू देत.

शेवटच्या बैठकीत तुम्ही तीच पेन्सिल पुन्हा पुढे करता. संकटाच्या पानावर तुमचं नाव असतं, ते मूल स्वतः खोडतं आणि तिथे मावशीचं किंवा खेळाच्या प्रशिक्षकाचं नाव लिहितं. खोडताना जरा थांबतं. तुम्ही तेव्हाही काही बोलत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टेबलाभोवती बसणारे, परिवीक्षा, शाळा आणि समुपदेशनाच्या कामातले काही जण