विन्या, सोमवारी घण घालू नकोस

प्रिय विन्या,

एप्रिलपासून तुला पत्र देणं लागतो, शिव्या नंतर घाल. इकडे सगळं ठीक, बीपी गोळीवर आहे. काल शशीकडून कळलं, सोमवारपासून तू बाथरूम फोडायला घेतोयस. घरात एकच बाथरूम, काकूंचे गुडघे तसले आणि कमोड अजून दुकानात! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

सगळा माल घरात आल्याशिवाय घण उचलू देऊ नकोस. कमोड आणि डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा कॉक) हातात असल्याशिवाय पाइपची जागा ठरतच नाही. एस ट्रॅपचा, म्हणजे खाली जमिनीत सोडणारा कमोड घेतलास तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, कुठे ९ इंच, कुठे १२. हे अंतर टाइल लावून झालेल्या भिंतीपासूनचं. प्लंबर उघड्या विटेपासून मोजतो, मग प्लास्टर-टाइल दीड इंच खातात आणि टाकी भिंतीला अडते. डायव्हर्टरचंही तसंच. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात, टाइल त्यांच्या मध्येच यायला हवी. बॉडी जास्त आत गेली तर नॉब पोचत नाही आणि नवी कोरी टाइल फोडावी लागते.

टाइल्स मोजून घे. ५ बाय ८ चं बाथरूम, ७ फूट उंचीपर्यंत, दार वजा जाता भिंती १६५ चौरस फूट, जमीन ४०. दोन्हींवर १० टक्के जास्त, आणि सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच. तुझा अंदाजपंचे हिशोब इथे चालणार नाही. दापोलीचे माझे ३४० रुपये मी विसरलेलो नाही.

सोसायटीचं परवानगीपत्र, डिपॉझिट, कामाच्या वेळा हे सेक्रेटरीकडून लेखी घे. खालच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमचं छत आधीच त्यांच्यासमोर फोटोत घे, नाहीतर तिथला प्रत्येक जुना डाग तुझ्या नावावर लागेल. फोडायच्या आधी नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भोकाचं) आणि संडासाच्या पाइपचं तोंड गोणपाट कोंबून बंद करायला लाव. एक विटेचा तुकडा आत गेला तर अख्ख्या विंगची लाइन तुंबते. फूटभर सन्कमधलंच, म्हणजे बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधल्या भरावाचंच, दीड-दोन टन डेब्रिज निघेल. ते गॅलरीत साठवू नकोस, रोजच्या रोज खाली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ६०-७० तरी जमव.

आता वॉटरप्रूफिंग, इथेच सगळे घाई करतात. कोटिंग जमिनीवर थांबवायचं नाही, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला ६ फूट चढवायचं. ते वाळलं की ट्रॅप बंद करून पाणी भर, भिंतीवर पातळीची रेघ मार आणि ४८ तास हात लावू नकोस. बाष्पीभवनाने थोडं उतरेल, पण रेघ सोडून बोटभर खाली गेलं की गळतंय असं समज. खाली जाऊन छतही बघ. उतार १ ला ८०, म्हणजे ८ फुटांना सव्वा इंच. टाइल चिकटवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघ कुठे साचतं ते. गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्विच बाथरूमबाहेर, आणि बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. इथे काटकसर केलीस तर बंड्याला पाठवीन तुझ्याकडे भाषण द्यायला.

कॉन्ट्रॅक्टर दहा दिवस म्हणतोय ना? तीन आठवडे धर. तेवढे दिवस काकूंना ताईकडे ठेव. तू ड्राय बाल्कनीत आंघोळ कर, संडासाचं शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेव. जोशी बाई हो म्हणतील, फक्त १९९४ चं क्रिकेट-काच प्रकरण काढू नकोस. दारांच्या फटींना मास्किंग टेप, कपाटांवर प्लास्टिक, आणि देवघर पहिल्याच दिवशी बेडरूममध्ये हलव. धूळ मीठाच्या बरणीपर्यंत जाते.

सईचं अभिनंदन, नवीन नोकरीचं तुझंही, पेढे आल्यावर खाईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या

ता.क. भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ. आणि ते फोटो वहिनींच्या फोनमध्येही ठेव, तुझा फोन दर वर्षी हरवतो.