दादाच्या काट्यावर सगळे रुपये सारखे

प्रिय बंडू,

तुझ्या दोन पत्रांचं उत्तर बाकी आहे, ठाऊक आहे. शिव्या राखून ठेव. गुडघा ठीक, साखर आटोक्यात. आता ऐक.

अण्णांची जुन्या रुपयांची थैली सापडली. हो, तीच. माळ्यावर होती. चांदीचा भाव चढल्यापासून दादाला वरणाच्या वाटीतसुद्धा तोळे दिसतात. रविवारी ताई येणार, काट्यावर तीन सारखे वाटे करायचे आणि सोमवारी सराफाकडे जाऊन आटवायचे, असा त्याचा बेत.

"रुपया म्हणजे तोळा, त्यात बघायचंय काय?" म्हणतो. वजन खरंच तेवढंच भरतं, ११.६६ ग्रॅम, मग तो राणीछाप असो की १९४७ चा. पण १९४० पासून सरकारने चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली, आणि ४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेल, चुंबकाला चिकटतो. वाघ ज्याच्या वाट्याला येतील तो बुडाला. हे दादाला पटवता येईल. खरी पंचाईत वेगळीच आहे.

थैलीत एक १९३९ चा आहे, जो सहसा मिळतच नाही तो.

हसू नकोस. रात्री भिंगाखाली पाहिलाय. कडेला मधली खाच नाही, म्हणजे चाळीसनंतरचा नव्हे. पण ३८ ची कडही अशीच असते, आणि ८ कोरून ९ करणारे महाभाग कमी नाहीत. म्हणून छाती धडधडते आणि खात्रीही होत नाही.

आपलं ते जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास, कमी पाडलं म्हणून नाणं दुर्मिळ; मी म्हणायचो, कमी उरलं म्हणून. मग १९११ चा घे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, सुमारे ९४ लाखांतले सातेक लाखच बाहेर पडले आणि बाकीचे वितळले. तरी पैसे मोजले तर तो आजही मिळतो. ३९ चा मिळत नाही. युद्ध लागलं, लोकांनी चोख चांदी दाबून ठेवली, सरकारने १९४३ पर्यंत जुने रुपये चलनातून काढून मुशीत घातले.  उरलेसुरले तुझ्या आजोबांच्या भट्टीत! आमच्या आजीचे तोडे कशाचे होते, तू विचारूच नकोस. तांब्याची शिवराई आजही ढिगाने सापडते आणि सोन्याचा होन दिसत नाही तो यामुळेच. तांब्यासाठी कोण भट्टी पेटवणार?

आता सांग, काय करू? बोललो, तर एका रुपयाचे तीन मालक. दादाला नेटवर वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणंही लाखाला विकलेलं दिसतं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये असल्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, हे त्याच्या कानावर गेलं नाही. मग ३९ च्या किमतीवरून काय रामायण होईल! गप्प बसलो, तर तो रुपया सोमवारी मुशीत जाईल. आणि तिसरंही मनात येऊन गेलं: त्याच्या जागी एक बेचाळीसचा ठेवायचा, काटा हलणारसुद्धा नाही. हे तुलाच सांगू शकतो, कारण माझ्या भोकाच्या पैशाचा वॉशर करून सायकलला ठोकणारा नीतिमान तूच.

बोलणारच आहे रे. पण माझ्या तोंडून निघालं की दादाला त्यात डाव दिसतो. अण्णांच्या घड्याळापासून आमचं असंच आहे.

सुमेधाला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. छपराचं काम उरकलं का? वहिनींना नमस्कार.

शनिवारी रात्रीपर्यंत ये. तुझं ते दहापटीचं भिंग आण. ताईला माझं खरं वाटत नाही, तुझं वाटतं, का ते देव जाणे. आणि ती आल्या आल्या चिंच-मीठ घेऊन सगळे रुपये लख्ख घासायला बसेल. एकदा घासलं की संग्राहक हात लावणार नाही. तिला स्वयंपाकघरातच अडवून धरायला तरी कोणी हवं. मी दादाला सांभाळतो.

तुझा,
नाना