व्हिडिओ गेमची मालिका शेवटाकडून खेळून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आपल्या वाचकपत्रांत मुलांच्या खेळांविषयीची पत्रं वाढतात. त्यातली काळजी खरी असते, आणि मी ती पत्रं मनापासून वाचतो. पण त्या पत्रांत खेळाचं नाव क्वचितच असतं. तो कोणी केला, कुठे केला, कोणत्या वर्षी केला, हे तर नसतंच. पुस्तकाविषयी किंवा नाटकाविषयी आपण असं कधी लिहीत नाही. म्हणून आज एका खेळाविषयी नाव आणि साल घालून लिहितो आहे.

मी नाशिकमध्ये एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन आहे. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर शिकलो, आता ऑटोकॅडवर काम करतो. जुन्या नाशकातले वाडे उतरवण्याआधी टेप लावून त्यांचे नकाशे काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझी भाची आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने 'शॅडो ऑफ द टूम रेडर' हा २०१८ चा खेळ संपवला, तो तिला इतका आवडला की लगेच १९९६ चा पहिला 'टूम रेडर' घेऊन बसली. थोड्याच वेळात उठली. "मामा, यातल्या बाईला धड वळता येत नाही, आणि कुठे जायचं ते कोणी सांगतच नाही." तिची तक्रार रास्त होती. बावीस वर्षांचं अंतर एका उडीत पार होत नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की शेवटच्या भागापासून एकेक भाग मागे जायचं: २०१८, २०१५, २०१३, मग २००८, २००७, २००६, मग २००३, आणि पुढे २००० पासून १९९६ पर्यंत दरवर्षीचा एक. मुख्य मालिकेचे बारा खेळ. तसेच आम्ही ते खेळलो, आणि हाच क्रम मी आपल्या वाचकांना सुचवतो आहे.

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लारा क्रॉफ्ट ही पुराणवस्तूंच्या शोधात जुन्या थडग्यांत, देवळांत, बुडालेल्या जहाजांत शिरणारी इंग्रज बाई. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने ती घडवली, तिचं मूळ रूप टोबी गार्ड यांचं. २००३ चा 'एंजल ऑफ डार्कनेस' अर्धाकच्चा बाहेर पडला, त्यावर टीका झाली आणि मालिका अमेरिकेतल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली. पहिल्या खेळानंतर कोअर सोडून गेलेले गार्ड या नव्या कंपनीत पुन्हा लाराच्या कामाला लागले. २०१३ मध्ये तिची गोष्ट पुन्हा मुळापासून सांगितली गेली. हे शेवटचे तीन भाग रक्तपातामुळे प्रौढांसाठीच आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. हेही अशा पत्रांत नावानिशी लिहिलं गेलं पाहिजे.

आता उलट क्रमाचा फायदा सांगतो. नव्या खेळात वाट दाखवण्याची व्यवस्था फार दाट आहे. ज्या कड्याला हात घालायचा त्याच्या कडेला पांढरा रंग फासलेला. एक बटण दाबलं की सगळं जग करडं होतं आणि उपयोगाच्या वस्तू उजळून दिसतात. शिवाय लारा स्वतःशी बोलत असते, त्यातून पुढचं पाऊल कळतं. मागे येऊ लागलं की हे आधार एकेक करून सुटत जातात. २००६ च्या 'लेजंड'मध्ये तिचे दोन मित्र कानातल्या यंत्रातून तिच्याशी बोलत असतात, तेवढीच काय ती सोबत. १९९६ मध्ये कोणीच बोलत नाही. पावलांचा आवाज, कुठे पाण्याचा, आणि गुप्त जागा सापडली की वाजणारी छोटीशी धून. एकदम तिथे टाकलं तर माणूस गोंधळतो, आणि हळूहळू तिथवर आलं तर ती शांतता हवीशी वाटते. माझ्या भाचीचं नेमकं हेच झालं. २०१३ च्या भागात ती दर वळणावर ते बटण दाबायची. 'लेजंड'पर्यंत आली तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर आधी छत पाहायला लागली होती. आमच्या धंद्यात नव्या मुलाला हे शिकवायला वर्ष जातं.

पहिली पायरी तर २०१८ च्या खेळातच आहे. त्यात लढाई, शोध आणि कोडी या तिन्हींची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरवता येते. शोधाची पातळी कठीण ठेवली की पांढरा रंग नाहीसा होतो. लढाई सोपी ठेवा आणि शोध कठीण. कडा कुठे धरण्याजोगा आहे हे दगडाकडे पाहूनच ठरवावं लागतं, आणि तो खेळ केवढ्या निगुतीने बांधला आहे हे तेव्हाच कळतं.

गोष्टीचंही तसंच. २०१८ ची लारा अंगाला चिखल फासून भिंतीत मिसळते आणि शत्रूची शिकार करते. २०१३ मध्ये तीच मुलगी जहाज फुटून बेटावर आलेली, पहिलं हरीण मारताना कासावीस झालेली. उलट येताना खेळणारा तयार होत जातो आणि ती कोवळी होत जाते. २००८ च्या 'अंडरवर्ल्ड'मध्ये तिच्या हरवलेल्या आईचं काय झालं ते कळतं, आणि त्यानंतर 'लेजंड'मध्ये आपण त्या आईला हिमालयात हरवताना पाहतो. तिथे भाची म्हणाली, "हिला अजून माहीत नाही." पंचवटीत रामाचं कीर्तन ऐकायला बसलेल्या माणसाला सीतेचं पुढे काय होणार हे ठाऊक असतं, तरी हरिणाची गोष्ट निघाली की तो सावरून बसतो. शेवट आधी कळला म्हणजे गोष्टीची मजा गेली, हे मला पटत नाही.

याहूनही मोठी गोष्ट २००३ ते १९९९ या टप्प्यात आहे. 'एंजल ऑफ डार्कनेस'च्या सुरुवातीलाच पॅरिसमध्ये व्हॉन क्रॉय नावाच्या वृद्ध संशोधकाचा खून होतो आणि आळ लारावर येतो. उलट क्रमाने येणाऱ्याला हा माणूस कोण, तिला त्याचा एवढा राग का, काही माहीत नसतं. त्याआधीच्या २००० सालच्या 'क्रॉनिकल्स'मध्ये लारा मेली असं समजून तिच्या घरी जुनी माणसं तिच्या आठवणी सांगत बसली आहेत, आणि तिकडे इजिप्तमध्ये हाच व्हॉन क्रॉय ढिगारा उपसत तिला शोधतो आहे. मग येतो १९९९ चा 'लास्ट रेव्हलेशन'. दरवर्षी एक खेळ काढून दमलेल्या चमूने यात लाराला इजिप्तच्या ढिगाऱ्याखाली गाडून टाकलं. या भागाचा पहिला टप्पा मात्र १९८४ चा, कंबोडियातला. सोळा वर्षांची लारा, आणि तिला उडी कशी मारायची, कड्याला कसं लटकायचं हे शिकवणारा गुरू, तो व्हॉन क्रॉयच. खेळणाऱ्याला बटणं शिकवणारा धडाही तोच. ज्याचा खून आपण सर्वांत आधी पाहिला, त्याच्याच तोंडून आपण चालायला शिकतो. सालाच्या क्रमाने खेळलेल्याला हा धडा म्हणजे नुसता सराव वाटतो. आम्ही दोघं तो संपल्यावर बराच वेळ पुढचा भाग सुरू करू शकलो नाही.

१९९८ चा तिसरा भाग भारतातच सुरू होतो. जंगल, पडकं देऊळ, गंगा नदी. तिथल्या सहा हातांच्या मूर्ती तलवारी घेऊन जिवंत होतात. हे देऊळ आपल्याकडच्या कोणत्याच देवळासारखं नाही, आणि ते करणाऱ्यांनी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. सिन्नरच्या गोंदेश्वराचा नुसता तळखडा पाहिला असता तरी पुरे होतं. वाटेतल्या वस्तू उचलून पळणारी माकडं मात्र अगदी खरी. ब्रह्मगिरी चढलेल्या कोणालाही ती ओळखू येतील.

आणि शेवटी १९९६. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ड्राफ्ट्समनला याहून जवळचा खेळ नाही. पहिल्या पाचही भागांतलं सगळं जग सारख्या चौकोनी ठोकळ्यांवर उभं आहे. लारा उभ्याने उडी मारते तेव्हा एक ठोकळा ओलांडते. धावत मारली तर दोन. धावत उडी मारून हाताने कडा पकडली तर तीन. कडेपर्यंत सावकाश चालत जायचं, एक उडी मागे घ्यायची, म्हणजे धावायला बरोबर एक ठोकळा मिळतो. मग धाव आणि उडी. यात नशिबाचा भाग नाही. समोरची दरी किती ठोकळ्यांची हे डोळ्यांनी मोजायचं, बस्स. भाचीला हे एकदा कळल्यावर जी लारा 'धड वळत नाही' म्हणून तिने सोडली होती, तीच तिला सर्वांत भरवशाची वाटू लागली. नव्या खेळात लारा आपली उडी थोडी सांभाळून घेते. जुन्यात ती आपण सांगितलं तेवढंच करते.

ग्रीसमधला 'सेंट फ्रान्सिस फॉली' हा टप्पा आम्ही आलेख कागदावर काढला, एक चौकट म्हणजे एक ठोकळा. एक खोल उभी विहीरच ती, तळ अंधारात गडप झालेला, आणि तिच्या भिंतींत वेगवेगळ्या उंचीवर चार दारं: नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लीस आणि थॉर. डॅमोक्लीसच्या दालनात छताला तलवारी टांगलेल्या, अ‍ॅटलसच्या दालनात अंगावर गडगडत येणारा गोळा. प्रत्येक दालनातून एक किल्ली आणायची, चारही झाल्या की तळाचं दार उघडतं. आम्ही उलट आल्यामुळे याच विहिरीची २००७ ची आवृत्ती आधी पाहिली होती, कारण 'अ‍ॅनिव्हर्सरी' हा पहिल्या भागाचाच पुनर्निर्मित खेळ. त्यात विहीर भव्य आहे, कोरीवकाम सुंदर आहे, आणि थॉरच्या जागी हेफेस्टस आला आहे. ते बरोबरच झालं, थॉर हा ग्रीकांचा देव नव्हे. तरीही दोन्हींचे प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे वरून दिसणारा आराखडा आणि उभा छेद, शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जुनी विहीर उजवी वाटते. ठोकळ्यांशिवाय दुसरं काही हाताशी नसताना, नुसत्या उंचीने आणि अंधाराने तिने पोटात गोळा आणला. पेरूच्या दरीतल्या त्या प्रचंड डायनासोरचंही तेच. २००७ मध्ये खेळ थांबवून, दृश्य दाखवून त्याची ओळख करून दिली जाते. १९९६ मध्ये तो अंधारातून चालत येतो, एवढंच.

सुदैवाने हे सगळे खेळ आज संगणकावर विकत मिळतात. पहिले तीन १४ फेब्रुवारी २०२४ ला आणि पुढचे तीन १४ फेब्रुवारी २०२५ ला नव्या रूपात आले. एक बटण दाबून जुनं आणि नवं चित्र आलटून पालटून पाहता येतं. बहुतेक खेळांच्या नशिबी हे नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि त्यांनी काढलेल्या मूकपटांपैकी बहुतेकांच्या रिळा आज कुठेच नाहीत. त्या काळी ती करमणूक होती, जपायची गोष्ट आहे असं फार थोड्यांना वाटलं.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या पुरवणीत पुस्तक-परिचयाच्या शेजारी महिन्यातून एकदा तरी एखाद्या खेळाचा परिचय यावा: नाव, साल, करणाऱ्यांची नावं, कोणत्या वयासाठी, आणि तो कसा बांधला आहे. पालकांची काळजी त्यानेच कमी होईल. दुसरी विनंती १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीला. एका कोपऱ्यात एक संगणक आणि जुन्या खेळांचा छोटा संग्रह ठेवावा. खर्च एका कपाटाएवढाही येणार नाही.

ज्यांना हा उलटा प्रवास करायचा आहे त्यांनी २०२४ च्या संचात नवीन पद्धतीचं नियंत्रण निवडू नये, जुनंच ठेवावं. ठोकळे मोजून उडी मारायची तर तेच लागतं. परिचयाचं सदर सुरू करण्याचं आपण ठरवलंत, तर सेंट फ्रान्सिस फॉलीचे भाचीने शाईने काढलेले प्लॅन आणि सेक्शन छपाईसाठी पाठवून देतो.

आपला,
एक ड्राफ्ट्समन
इंदिरानगर, नाशिक