नव्या लॅपटॉपवरचा फुकटचा भरणा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला स्टार्ट मेनूचा फोटो पाहिला. न मागितलेले गेम, अँटिव्हायरसची ट्रायल, कंपनीचं स्वागत करणारं ॲप, त्याच कंपनीचं ‘मदत’ करणारं दुसरं ॲप, आणि कोपऱ्यातून सारखी वर येणारी ‘तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित नाही’ ही धमकी. हे सगळं एका फटक्यात उडवायची काही युक्ती आहे का, असं विचारलंस. आहे. पण ती वापरू नकोस, हे पटवायलाच हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या चिडचिडीबद्दल. पैसे मोजून मशीन घेतलं तरी हा कचरा का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. कॉम्प्युटर विकून कंपनीला सुटणारा नफा फार थोडा असतो. आपलं ॲप नव्या मशीनवर आधीच बसवून मिळावं म्हणून सॉफ्टवेअरवाले तिला पैसे देतात. थोडक्यात, तुझ्या स्क्रीनवरची जागा तुझ्या हातात येण्याआधीच विकली गेलेली असते. सोनीने २००८ साली काही व्हायो लॅपटॉप या भरण्याशिवाय द्यायची सोय काढली आणि त्यासाठी जवळजवळ ५० डॉलर वेगळे मागितले! लोकांनी इतकी ओरड केली की ती रक्कम लगेच मागे घ्यावी लागली.

आणि ही नुसती अडगळ असते असंही नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं ॲप आधीच बसवून येत होतं. वेबसाइटच्या पानांत आपल्या जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठल्या साइटवर भरवसा ठेवायचा हे ठरवणारं मूळ प्रमाणपत्र, टाकलं होतं. तू बँकेची साइट उघडलीस, तरी ती खरी असल्याची ग्वाही बँकेच्या सर्टिफिकेटऐवजी या जाहिरातवाल्याचं सर्टिफिकेट देणार. वर कहर म्हणजे त्याची खासगी किल्ली, म्हणजे असली खोटी ग्वाही बनवायला लागणारा गुप्त कोड, सगळ्या मशीनवर एकच! फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं आणि ती किल्लीही लोकांनी शोधून काढली. ॲप अनइन्स्टॉल केलं तरी सर्टिफिकेट मागे राहत होतं, ते वेगळं काढावं लागलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी तडजोड करताना कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून मी म्हणतो, कुठलं ॲप किती जागा खातं हे नंतर बघ. कुठलं सतत चालू असतं आणि कुठलं तुझ्या इंटरनेटच्या वाटेत उभं असतं, ते आधी बघ.

त्या हिशेबाने पहिला नंबर अँटिव्हायरसच्या ट्रायलचा. ती चालू असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होऊन बसतो. मुदत संपली की ट्रायल काम सोडते आणि फक्त भीती घालत राहते. ती काढून मशीन रीस्टार्ट केलंस की डिफेंडर आपोआप जागा होतो. तरी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून खात्री करून घे. साध्या अनइन्स्टॉलने ही मंडळी पूर्ण निघतातच असं नाही. त्यासाठी बनवणाऱ्या कंपन्याच बऱ्याचदा साफसफाईचं वेगळं टूल देतात. ते घ्यायचं झालं तर त्याच कंपनीच्या साइटवरून घे, दुसरीकडून नको.

पण कशालाही हात लावण्याआधी दोन कामं कर. एक, रीस्टोर पॉइंट बनवून ठेव, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल. दोन, नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आधीच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असते, तिची रिकव्हरी की (अडलं तर कुलूप उघडणारा आकडा) मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून उतरवून कागदावर लिहून ठेव. हो, कागदावर. त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलीस तर ऐन वेळी काही उपयोग नाही.

आता स्टार्ट मेनू. तिथल्या चकचकीत आयकॉनांपैकी बरेचसे नुसते मुखवटे असतात. ॲप अजून उतरलेलंच नसतं, तू क्लिक केलंस की उतरायला लागतं. त्यांच्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल म्हण, क्षणात जातात. बाकीच्यांसाठी सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स, नावासमोरचे तीन ठिपके. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांसाठी मला मात्र अजूनही कंट्रोल पॅनेलमधली यादीच आवडते, कारण तिथे प्रत्येकाचा पब्लिशर दिसतो. पब्लिशरच्या रकान्यावर क्लिक केलंस की यादीचे आपोआप गट पडतात: मायक्रोसॉफ्टचं, लॅपटॉप कंपनीचं, चिपवाल्यांचं आणि उरलेल्या उपऱ्यांचं. उपऱ्यांचा गट बिनधास्त काढ.

लॅपटॉप कंपनीच्या गटात सबुरीने घे. रजिस्ट्रेशनची आठवण करणारं, ऑफर दाखवणारं, ‘अनुभव सुधारण्यासाठी’ माहिती गोळा करणारं, ही सगळी जाऊ देत. पण बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (वायफाय, आवाज वगैरे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांचे अपडेट आणणारं ॲप राहू दे. बॅटरी ८० टक्क्यांवर चार्ज थांबवायची सोय अनेकदा कंपनीच्याच ॲपमध्ये असते, फंक्शनच्या बटणांचंही तसंच. इंटेल, एएमडी, रिअलटेक अशी चिपवाल्यांची नावं दिसली की हात न लावता पुढे जा. व्हिज्युअल सी प्लस प्लस या, इतर प्रोग्रॅमांना लागणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या सामग्रीच्या चार-पाच वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती दिसतील, त्या दुहेरी वाटल्या तरी दुहेरी नाहीत. वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या प्रतींवर चालतात. वेबव्ह्यू नावाचा रनटाइम, म्हणजे ॲप्सना चालायला लागणारा पाया, तोही तसाच, त्याच्यावर कितीतरी ॲप्स उभी असतात.

वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, काढायचं मनात असेल तर इथे थांब आणि हा परिच्छेद दोनदा वाच. बऱ्याच नव्या मशीनांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सेटअपच्या वेळीच वनड्राइव्हच्या ताब्यात गेलेले असतात. फाइलीचं नाव समोर दिसतं, पण तिच्याजवळ ढगाचं चिन्ह असेल तर फाइल तुझ्या डिस्कवर नाहीच. आधी त्या फोल्डरांवर ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवड आणि सगळं उतरू दे. मग वनड्राइव्हच्या सेटिंगमधून फोल्डरांचा बॅकअप बंद कर, फाइली मूळ जागी आल्यात का ते डोळ्यांनी बघ, मग अकाउंट अनलिंक कर (वनड्राइव्हपासून तोड), आणि सर्वांत शेवटी अनइन्स्टॉल. हा क्रम मोडून घाईने काढणाऱ्यांना डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो आणि त्यांचा जीव घशाशी येतो. फाइली क्लाउडवर असतात, पण ते कळेपर्यंत काय हाल होतात!

एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरबद्दल विचारलं होतंस. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या मशीनांवर एज रीतसर काढता येतो. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच, हे उघड झालं. बाकी ठिकाणी त्याला जबरदस्तीने उपटण्यात वेळ घालवू नकोस. डिफॉल्ट ब्राउझर दुसरा कर, एज स्टार्टअपला चालू होत असेल तर ते बंद कर आणि विसरून जा.

आता ती एका फटक्याची युक्ती. पॉवरशेलमध्ये (विंडोजला हुकूम लिहून द्यायच्या खिडकीत) एक ओळ चिकटवा आणि सगळं साफ, अशा तयार स्क्रिप्ट फिरत असतात. काही खरोखर चांगल्या आहेत. पण त्या ॲडमिनचे सगळे अधिकार घेऊन चालतात आणि आत काय लिहिलंय हे तू वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्यातल्या काही मायक्रोसॉफ्टच्या ॲप स्टोअरसकट सगळं उडवतात, काही अपडेटच बंद करून टाकतात. महिनाभराने काहीतरी चालेनासं होतं तेव्हा कारण सापडत नाही. हाताने, एका वेळी दोन-चार ॲप्स काढून मशीन रीस्टार्ट करत गेलास तर बिघडलेलं नेमकं कशाने, हे लगेच कळतं. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची मोठी नोंदवही) साफ करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांना तर दारातही उभं करू नकोस. कचरा काढायला आणखी एक कचरा कशाला?

काढता न येणाऱ्या ॲपसाठी टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग आहे. तिथे डिसेबल केलंस की ते डिस्कवर पडून राहील, पण मशीनबरोबर चालू होणार नाही. वेगाबद्दल मात्र फार आशा ठेवू नकोस. एसएसडीवर फरक जाणवतो तो मुख्यतः सुरू होताना, आणि पंख्याच्या आवाजात. मोठा फायदा शांततेचा: मध्येच काही उगवत नाही.

इतकं करूनही समाधान झालं नाही तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं इन्स्टॉल करता येईल. लायसन्स मशीनशी जोडलेलं असतं, आवृत्ती तीच घातलीस की ते आपसूक ओळखलं जातं. फक्त वायफायचा ड्रायव्हर आधी वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही. आणि तरीही लॅपटॉप कंपनीचं एखादं ॲप परत उगवलं तर चक्रावू नकोस. फर्मवेअरमधूनच, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमधूनच, विंडोजला प्रोग्रॅम सोपवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेली आहे आणि काही कंपन्या ती वापरतात. तसं झालं तर बायॉसमध्ये ते बंद करायचा पर्याय मिळतो का ते बघू.

सध्या अँटिव्हायरस आणि गेम एवढंच काढ. कंट्रोल पॅनेलची यादी पब्लिशरनुसार लावून तिचा फोटो पाठव. लॅपटॉप कंपनीच्या नावांवर फोनवर बोलू, तोवर त्यांना हात लावू नकोस.

तुझाच,
मित्र