सगळंच चकचकीत नको करूस

कोल्हापूर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

पद्मिनी गाडीचं इंजिन खोलल्याचे फोटो मिळाले. गॅलरीत पेपर अंथरून नट-बोल्टसुद्धा डब्यांत वेगवेगळे ठेवलेस, हे बघून बरं वाटलं. शाळेत असताना तुला स्वतःची पेन्सिल सापडायची नाही. फोटोखाली तू लिहिलंयस की आता एकेक पार्ट घासून आरशासारखा करणार. म्हणून फोनवर न बोलता लिहून पाठवतेय. कागद भिंतीला चिकटवून ठेव.

मी इतकी वर्षं इन्स्पेक्शनला काय करायचे, हे तू कधी विचारलं नाहीस. पार्टच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मशीन केलेल्या फेसला, म्हणजे पृष्ठभागाला, टेकून टिकमार्कसारखी एक खूण असते आणि तिच्याजवळ एक आकडा. तो फेस किती गुळगुळीत हवा, हे तो आकडा मायक्रॉनमध्ये सांगतो. ते मोजणं हे माझं काम. एकाच इंजिनात हे आकडे केवढे बदलतात! क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, अगदी तुळतुळीत फिनिश, ब्लॉकच्या बाहेरच्या ओतीव अंगाला काहीच नाही, आणि बोअरला तर मुद्दाम पाडलेले ओरखडे. ते कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. तेव्हा पॉलिश पेपर हातात घेण्याआधी तो फेस काम काय करतो, एवढं विचारत जा.

बोअरपासूनच सांगते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बॅटरी मारून बघ. एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा दिसतील. त्या होनिंगच्या, म्हणजे दगडाने मुद्दाम घासून पाडलेल्या. तेल त्या रेघांत धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या तेलावर सरकतात. जुन्या इंजिनात वरच्या भागातल्या रेघा पुसून भिंत काचेसारखी झालेली असते. गॅरेजवाले त्याला ग्लेझ म्हणतात. बोअर पॉलिश करणं म्हणजे तो आजार विकत आणणं. नव्या रिंगा नीट बसणार नाहीत, इंजिन तेल प्यायला लागेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येईल. बोअर गेजने माप घेऊन ये. झिजला असेल तर रीबोअर (भोक मोठं करणं) आणि होनिंग मशीनवरच होतं, गॅलरीत नाही.

दुसरी जागा ब्लॉकवर बसणाऱ्या हेडच्या फेसची. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम झाल्यावर दोन्ही सारखं फुगत नाहीत, आणि मधली, सांधा बंद ठेवणारी गॅस्केट ते सगळं सोसते. तिथे बोटाखाली पेपर धरून घासलंस तर मऊ धातूत खळगे पडतात. डोळ्यांना दिसणार नाहीत, पण कॉम्प्रेशनला सापडतील. फेसवर स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेजची पातळ पत्ती सरकवून बघ. लहान गाडीच्या हेडला साधारण ०.०५ मिमीपर्यंत चालतं. त्याहून जाड पत्ती शिरली तर हेड मशीन शॉपमध्ये फेसिंगला द्यायचं. चिकटलेली जुनी गॅस्केट कोरडी खरवडू नकोस. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. भिजवून, प्लॅस्टिकच्या पट्टीने, सावकाश काढ.

ड्रिलला लावायच्या त्या रंगीत जाळीदार चकत्या मिळतात ना, गॅस्केट झटपट निघते म्हणून मेकॅनिक लोकांच्या आवडत्या? त्या इंजिनाच्या जवळ आणू नकोस. त्यांतून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड झडते, तेलाच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना याबद्दल खास सूचना काढली होती, इतका तो प्रकार वाढला होता. आणि पेपर बारीक घेतला म्हणून धोका गेला असं समजू नकोस. पी ४०० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, पी २००० वरचा १० मायक्रॉनचा. बेअरिंगमधला तेलाचा थर चालत्या इंजिनात जेमतेम काही मायक्रॉन असतो. म्हणजे सगळ्यात नाजूक वाटणारा पेपरसुद्धा तिथे खडीच आहे. जे काही घासायचं ते ब्लॉकपासून लांब, दुसऱ्या खोलीत घास. ब्लॉकची सगळी भोकं चिंध्या कोंबून नव्हे, टेप लावून बंद कर. चिंध्यांचे धागे आत राहतात.

पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा, पॉलिश करायचं डोक्यात असेलच, व्हिडिओ बघितले असशील. एक्झॉस्ट पोर्ट गुळगुळीत केलास तर हरकत नाही, काजळी कमी धरते. इनटेक मात्र आरशासारखा करू नकोस. आपली गाडी कार्बोरेटरची, पेट्रोल थेंबाथेंबाने हवेबरोबर जातं. अगदी तुळतुळीत भिंतीवर ते थेंब चिकटून ओघळतात, थोड्या खरखरीत भिंतीवरून परत हवेत उडायला मदत होते. ८० ते १२० नंबरच्या पेपरचा फिनिश पुरे. ओतकामाचे उंचवटे आणि गॅस्केटच्या कडेला आलेली पायरी तेवढी काढ. पोर्टचा आकार बदलू नकोस, आणि व्हॉल्व्ह सीटला टूल लागू देऊ नकोस. १०८९ सीसीच्या या इंजिनाला शर्यत पळायची नाहीये.

कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, मऊ. तिला साबणपाणी आणि ब्रश, बस्स. पिवळसर झाक असलेले जुने बोल्ट आणि ब्रॅकेटही घासू नकोस. तो मुलामा कॅडमियमचाही असू शकतो, त्याची धूळ छातीत जाणं वाईट. शिवाय मुलामा गेला की पुण्याच्या पावसाळ्यात आठवड्यात गंज.

आता चमकवायचं काय, तर टॅपेट कव्हर, इंजिनावरचं झाकण. आधी चुंबक लावून बघ. चिकटला तर पत्रा आहे, त्याला रंगच शोभतो. नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम, आणि मग हौस भागव. रॉकेलने तेलकटपणा काढ, मग गरम साबणपाण्याने धू. कॉस्टिक सोडा अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियमवर तो सणसणीत चढतो, हायड्रोजन सुटतो आणि पार्ट काळा पडतो. आजी पितळेच्या समईला पितांबरी लावायची, म्हणून ती इथेही चालेल असं नाही.

ओतीव खरखरीत अंग असेल तर १२० ने सुरुवात, खोल खड्डे असतील तर ८० ने. मग २२०, ४००, ६००, १०००. ४०० पासून पुढे काळा वॉटर पेपर, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकून. सपाट जागी रबरी ब्लॉक वापर, नुसतं बोट नको. दर नंबरला दिशा बदल. २२० उभा फिरवलास तर ४०० आडवा. आधीच्या उभ्या रेघा सगळ्या जाईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. कंटाळून नंबर गाळलास, तर बफ मारल्यावर तो ओरखडा शंभर पटीने दिसतो आणि परत मागे जावं लागतं. हे काम एका रविवारात संपणार नाही. संपलं असं वाटलं तर उन्हात तिरकं धरून बघ.

बफिंगला कापडी बफ आणि आधी ब्राऊन, मग पांढरा साबण (पॉलिशची वडी). अ‍ॅल्युमिनियमचा बफ वेगळा, लोखंडाचा वेगळा. लोखंडाच्या गंजाची आणि अ‍ॅल्युमिनियमची धूळ एकत्र साचू देऊ नकोस, ठिणगी मिळाली तर भयानक पेटते. ग्राइंडरच्या दगडावर अ‍ॅल्युमिनियम टेकवायचंच नाही. दगडाची छिद्रं भरतात, तो तापतो आणि फुटू शकतो. बफच्या खालच्या अर्ध्या भागावर पार्ट टेकव आणि धार नेहमी फिरण्याच्या दिशेनेच ठेव, नाहीतर हातातून हिसकावून घेतो. चष्मा, मास्क घाल. हातमोजे मात्र फिरत्या मशीनला नको, बोटासकट ओढले जातात. त्या अंगठीचंही तेच. काढून ठेव.

ही चमक टिकणार नाही, हेही सांगून ठेवते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर येतोच, तो गंज नव्हे, संरक्षणच आहे. पण चकाकी मंद होते. मेण लावशील तर इंजिनच्या उष्णतेने उडून जाईल. महिन्या-दोन महिन्यांनी हाताने पुसायची तयारी असेल तर कर, नाहीतर ६०० नंबरचा मॅट फिनिश ठेव. मला तरी तोच जास्त देखणा वाटतो.

राहता राहिले कनेक्टिंग रॉड, पिस्टन क्रँकला जोडणारे. त्यांच्या कडेची घडाईत राहिलेली शिवण काढून चकचकीत करायची पद्धत शर्यतीवाल्यांत आहे. त्यांच्याकडे ते धातूत तडा शोधतात, शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करतात, वजन जुळवतात. आडवा एक ओरखडा राहिला तरी तडा तिथून सुरू होतो. तू हातही लावू नकोस. दिवाळीला येताना रॉडच्या चारही कॅपवर नंबर टाकून, त्याच क्रमाने बांधून आण. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे आपण दोघं जाऊ. क्रँकही आण, जर्नल मायक्रोमीटरने मी मोजेन. बाबांना पेट्रोलच्या खर्चाचं विचारू नकोस, ते अजून स्कूटरच चांगली म्हणतात.

तुझी,
आई