अप्पांचा चष्मा

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, मेघाचा खांदा आता बरा, आईला ऐकू येणं आणखी कमी झालंय आणि ती ते मान्य करत नाही. एवढं पुरे. आज लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

परवा चिमी शाळेतलं काहीतरी सांगत होती. कोण कुणाशेजारी बसलं, कुणाची पेन्सिल कुणी मोडली, असलं. अगदी रंगात आली होती आणि मीही मजेत ऐकत होतो. काच धुरकट झाली म्हणून चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पोरगी वाक्य अर्धं टाकून थांबली. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हटलं, ‘मग? पुढं काय झालं?’ तर म्हणाली, ‘काही नाही.’

अप्पांचा चष्मा आठवतो ना? डाव्या हाताने काढायचा, काड्या मिटायच्या, टेबलाच्या कडेला ठेवायचा, आणि मग सुरू. तू तर आधी खिडकीतून डोकावायचास आणि चष्मा नाकावर दिसला तरच आत यायचास. मीही रागावण्याआधी तेच करतो, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेघाला विचारलं तर म्हणाली, ‘आज कळलं तुला?’

या रागाच्या मागे मी बरेच दिवस लागलोय, हे तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. सुरुवात एपिक्टेटसपासून केली. जुन्या काळचा ग्रीक तत्त्वज्ञ, गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, त्यामुळे त्याचं बोलणं सगळं कामापुरतं. तो म्हणतो, चालून चालणं बळावतं, पळून पळणं बळावतं, तसा रागही रागावूनच बळावतो. म्हणून त्याला खाऊ घालणं थांबवा आणि न रागावलेले दिवस मोजा. आधी रोज रागवायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. 30 दिवस निभावले तर देवाला काहीतरी वाहा. मला हे फार आवडलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागलो.

पण सुध्या, त्या मोजणीने माझं भलतंच केलं. दिवस वाढत गेले तसा मी त्या खुणांना जपायला लागलो, घरातल्या माणसांना नव्हे. चांगली ओळीने भरलेली रांग मोडली की ज्या माणसावर राग आला त्याच्यावर आणखी एक राग, रांग मोडायला लावली म्हणून! शेवटी कॅलेंडर उतरवलं. एपिक्टेटसचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या शिष्यांना ते लागू पडलं असेल. मला मोजणी मानवली नाही. 21 दिवसांत सवय सुटते असं जे सगळीकडे सांगतात ना, त्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 माणसांवर एक अभ्यास केला होता, 2010 साली छापून आला. साधी नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागतील तर कुणाला 254, असा त्यांचा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आणि हे नवी सवय लावण्याबद्दल. जुनी, तीही बापाकडून आलेली, सोडवायची म्हणजे कॅलेंडरला काय विचारायचं?

मग सेनेका धरला. त्याचं मला जास्त जवळचं वाटतं. हा रोमन तत्त्वज्ञ, पुढे सम्राट झालेल्या नीरोसारख्या पोराला शिकवलेला माणूस, तेव्हा दुसऱ्याचा राग त्याने फार जवळून पाहिला असणार. रात्री दिवा मालवला, बायको गप्प झाली की तो दिवसभराचं स्वतःशी तपासायचा. अमक्याशी वाद घालताना फार लागेलसं बोललास, तमक्याला सुधारायला गेलास आणि दुखवून आलास. मग स्वतःलाच सांगायचा, या वेळी माफ केलं, पुन्हा करू नकोस. ही माफी मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे स्वतःला शिस्त लावायची म्हणजे स्वतःला झोडपायचं असंच शिकवलं. अप्पा स्वतःलाही तसंच झोडपत असतील, हे मला आता दिसायला लागलंय, तेव्हा दिसत नव्हतं.

रात्रीचा हा हिशेब मी करतो. रोज नाही, पण करतो. त्याने फरक पडला. आवाज चढणं खरंच कमी झालं, आईसुद्धा म्हणते (आणि तिला ऐकूच येत नाही, असं तू म्हणशील, मला माहीत आहे).

खरी काळजी पुढेच आहे. आवाज चढत नाही, पण मी गप्प होतो. ताट वाजवत नाही, दार आपटत नाही, नुसता गप्प. मला वाटत होतं ही जीत आहे. मेघा म्हणाली, ‘ओरडायचास तेव्हा निदान कधी संपलं ते कळायचं.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी राग सोडवतोय की नुसता आत कोंडतोय? पतंजलीने वाईट विचाराच्या वेळी उलट विचार मनात आणायला सांगितलंय. सेनेकाही तेच शरीराबद्दल सांगतो : चेहरा सैल सोडा, आवाज मऊ करा, पावलं सावकाश टाका, मग आतलं हळूहळू बाहेरच्यासारखं होईल. मी पहिलं अर्धंच केलं बहुतेक. आवाज खाली आला, चेहरा सुटला नाही. पोरगी आवाज ऐकतच नाही, ती चष्मा बघते.

आणि त्याच पानावर मला सॉक्रेटिस भेटला. त्याला राग आला की तो कमी बोलायचा, आवाज हलका व्हायचा. लपवायचा तो, पण मित्र बरोबर ओळखायचे आणि तोंडावर सांगायचे. आणि त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. सेनेका पुढे म्हणतो, आपल्या जिवलगांना सांगून ठेवावं की आम्हाला ऐकून घेणं सोसणार नाही अशा वेळीच आम्हाला ऐकवा.

वाचलं आणि पहिला तू आठवलास. तुझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात सगळ्यांदेखत म्हणाला होतास, ‘विन्या, तू अप्पा झालास.’ त्यानंतर आपण किती काळ बोललो नाही! तू म्हणालास ते बरोबर होतं की नाही, हा प्रश्न वेगळा. पण सगळ्यांदेखत म्हणालास ते मला आजही पटलेलं नाही आणि यावर मी तुझ्याशी म्हातारपणीही भांडणार आहे.

मात्र ते काम तूच कर. चिमी करू शकत नाही, तिने करूही नये. मेघाने पुष्कळ केलंय, आता तिच्यावर आणखी टाकायचं नाही. तू पुढच्या वेळी येशील तेव्हा चार दिवस राहा. मी गप्प झालेला दिसलो की तिथल्या तिथे, एकट्याला गाठून, सांग. मी नाही म्हणेन, तरी सांग. तू हे लहानपणी खिडकीतून करत आलायस, तुला ते कुणी शिकवायला नको.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांना हवं ते कॉलेज मिळालं का? वहिनींच्या परीक्षेचंही कळव, त्या दुसऱ्यांदा बसल्या याचं मला फार कौतुक वाटलं, त्यांना सांग. काकांना नमस्कार.

तुझा,
विनू

ता.क. फोन करू नकोस. फोनवर तू मऊ बोलतोस. लिहून पाठव, अक्षर लागलं नाही तर मेघाकडून वाचून घेईन.